चेपलेला खोका

"मी त्याला मारलं की नाही, एवढंच सांगा," तो माणूस दारातूनच म्हणाला. "मारलं असेल तर उद्या स्वतः पोलिसांत जातो. मला झोप लागत नाही."

सर्व्हेअरनी त्याला खुर्ची दिली. पूर्वी ते विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासत. नोकरी सुटली, नाव चिकटलं. आता ते खासगी तपास करत आणि त्यांचा मेव्हणा त्यांची गाडी चालवी. चुकीचे तर्क लढवणं हे मेव्हण्याचं दुसरं काम, आणि तेही तो मनापासून करी.

आलेल्या माणसाला त्याचे मित्र मुकादम म्हणत. गाड्यांचं वेड असलेल्या मंडळींची मागणी गोळा करायची आणि परदेशातून सुटे भाग एकदमच मागवायचे, म्हणजे वाहतूक स्वस्त पडते. हा उद्योग तो वर्षानुवर्षं फुकट करत होता. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. या खेपेला ब्रेकचे संच आले होते. त्यातला एक संच बसवून 'धाकटा' म्हणून ओळखला जाणारा त्याचा मित्र डोंगराचा उतार उतरत होता. वळणावर पुढचा ब्रेक सुटला आणि गाडी कठडा तोडून खाली गेली. धाकटा जागीच गेला.

"माल मी आणला," मुकादम म्हणाला. "आणि चेपलेला खोका त्याच्या वाट्याला गेला."

"चेपलेला?"

"प्रवासात एखादा चेपतोच. बाकीच्या खोक्यांसाठी आम्ही हेल्मेटमध्ये चिठ्ठ्या टाकतो. चेपलेला मात्र माझा. आणणाऱ्यानं वाईट माल दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये, असा आमचा रिवाज आहे. सगळ्यांना, आमच्या घरच्यांनासुद्धा ठाऊक आहे. या वेळी धाकटा हट्टाला पेटला. त्याचा चांगला खोका माझ्या हातात कोंबला आणि चेपलेला घेऊन गेला. आतला भाग दबून कमकुवत झाला असणार. मी नाही म्हणायला हवं होतं हो!"

त्याचे डोळे भरून आले. मेव्हण्याने उगाच खिडकीबाहेर पाहिलं.

"खोका कुणी उघडून पाहिला होता?" सर्व्हेअरनी विचारलं.

"मीच. माल धाकट्याच्या मोठ्या भावाच्या वर्कशॉपमध्ये उतरला, कारण जागा तिथेच आहे. उतरल्या उतरल्या चेपलेल्या खोक्यातल्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढला. विकणाऱ्याकडे तक्रार करायची तर पुरावा लागतो. मग रविवारी वाटप झालं. एकेक खोका सगळ्यांसमोर उघडला, त्याचंही चित्रीकरण आहे."

"मोठा भाऊ होता वाटपाला?"

"नाही. परगावी मशीन बसवायला गेला होता."

सर्व्हेअरनी फोन मागून घेतला. फोटो पाहिले, चित्रीकरण पाहिलं, परत फोटो पाहिले. मग ते मेव्हण्याला म्हणाले, "गाडी काढ."

धाकट्याच्या गाडीत संच बसवणारा मेकॅनिक गाडीखालून बाहेर आला तोच भांडायच्या तयारीने.

"बसवला मीच. म्हणून मारलाही मीच? महिन्यापूर्वी धाकट्याचं नि माझं वाजलं होतं, ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण हात माझे, माल खोक्यातला."

"तुटलं काय?"

त्याने मोडलेल्या गाडीतून काढून फडक्यात गुंडाळून ठेवलेला तुकडा पुढे केला. ब्रेकचा पाइप ज्या पोकळ बोल्टने घट्ट बसतो, त्याचं ते डोकं होतं. बोल्ट मानेत मोडला होता. सर्व्हेअरनी अंगठा फिरवला. डोकं गुळगुळीत होतं.

"बाकीच्यांवर कंपनीची खूण आहे," मेकॅनिक जरा ओशाळून म्हणाला. "ह्याच्यावर नव्हती. दिसलं होतं मला. पण बाहेरचा माल म्हटल्यावर कोण शंका घेतो? इथला असता तर दहा वेळा उलटापालटा केला असता."

"असा बोल्ट तुम्हाला करता येईल?"

"माझ्याकडे लेथ कुठाय? असलं धातू कातायचं काम मी धाकट्याच्या भावाकडेच टाकतो."

बाहेर आल्यावर मेव्हणा कुजबुजला, "भावजी, हाच. भांडण झालं होतं, बोल्ट त्यानेच बदलला."

"मग तुटका तुकडा फडक्यात जपून कशाला ठेवला? गटारात फेकला असता."

धाकट्याच्या घरी त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. मोठ्या भावाने स्वतः चहा केला. पाहुण्यांना चांगले कप दिले आणि स्वतः कान तुटलेला कप घेतला.

"चांगला घ्या ना, दादा," ती म्हणाली.

"सवय आहे."

"पहिल्यापासून असंच," तिने सर्व्हेअरना सांगितलं. "आई-वडील लवकर गेले. दादांनीच ह्यांना वाढवलं. मोडकं-फुटकं दादांचं, धड असेल ते ह्यांचं."

"वर्कशॉपची किल्ली कुणाकडे असते?" सर्व्हेअरनी विचारलं.

"माझ्याकडेच," भाऊ म्हणाला. "रविवारी तेवढी धाकट्याला देऊन गेलो. माल माझ्या छपराखाली होता, पण मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ते वेडच मला आवडत नाही." तो कप घेऊन आत गेला.

"दादांचं वर्कशॉप सोडून मुकादमांबरोबर दुकान काढायचं ह्यांच्या मनात होतं," ती हळूच म्हणाली. "दादांच्या ते फार जिवाला लागलं. पण अपघाताच्या दिवशी त्यांनीच धीर दिला. मी फोन केला तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. 'उतारावर गाडी गेली, ब्रेक लागले नाहीत' एवढंच मी बोलले. दादा म्हणाले, 'रडू नकोस, त्या मुकादमाचं कधीतरी हे होणारच होतं.' मग मी ह्यांचं नाव घेतलं, आणि पलीकडे फोन पडल्याचा आवाज आला."

दुसऱ्या दिवशी दुपारी सर्व्हेअरनी मुकादम, मेकॅनिक, मोठा भाऊ आणि धाकट्याची बायको अशा चौघांना वर्कशॉपमध्ये बोलावलं. लेथ बंद होता. मोठा भाऊ त्याला टेकून उभा होता.

"मुकादम, तुमच्या मालात खोट नव्हती," सर्व्हेअर म्हणाले. "माल उतरला तेव्हाच्या फोटोत चेपलेल्या खोक्यातल्या सगळ्या बोल्टांवर खूण आहे. रविवारच्या चित्रीकरणात त्यातल्या एकावर नाही. म्हणजे मधल्या काळात, याच खोलीत, बोल्ट बदलला. नवा बोल्ट लेथवर केलेला, आतून इतका कोरलेला की साध्या वापरात टिकावा आणि जोराच्या ब्रेकला मोडावा. इथे लेथ आहे. आणि तोवर किल्ली एकाकडेच होती."

"भावजी, काहीतरीच!" मेव्हणा म्हणाला. "पोटच्या पोरासारखा वाढवलेला भाऊ कोण मारेल?"

"कोणीच नाही. म्हणूनच मी अडलो होतो. शिवाय खोके चिठ्ठ्या टाकून वाटतात. कुठला कुणाला जाईल हे आधी सांगता येत नाही. फक्त एक सांगता येतो."

मुकादमाचा चेहरा पांढरा पडला. "चेपलेला. माझा."

"तुमचा. अपघात झाल्याचं कळताच, कुणाचा ते सांगायच्या आधी, यांच्या तोंडी तुमचं नाव आलं. तुम्ही यांचा भाऊ तोडून नेत होतात. बोल्ट तुमच्यासाठी होता. रविवारी हे इथे असते, तर त्यांनी तो खोका धाकट्याच्या हातून हिसकावला असता."

मग मोठा भाऊ खालच्या आवाजात म्हणाला, "मारायचं नव्हतं मला. मुकादम जरा आपटला की धाकट्याचं वेड उतरेल, एवढंच."

"मोडलेला ब्रेक माणसाला जरासं आपटत नाही. तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगलं कळतं."

भावाने मान खाली घातली. "पण त्यानं चेपलेला घेतलाच का?"

सर्व्हेअर क्षणभर घुटमळले. मग त्यांनी मुकादमाच्या फोनवर चित्रीकरण लावलं. हसण्याखिदळण्यात धाकट्याचा आवाज स्पष्ट आला.

"दर वेळी वाईट ते एकानंच का घ्यायचं? आमच्या घरी एक जण जन्मभर घेत आलाय. मला बघवत नाही. आण तो इकडे."

मोठा भाऊ लेथपाशी खाली बसला. आवाज थांबला तरी तो फोनकडेच बघत होता.

"परत लावा," तो म्हणाला.

सर्व्हेअर फोन मुकादमाला परत देऊ लागले, तेव्हा धाकट्याची बायको पुढे आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"लावा," ती म्हणाली. "ऐकू दे त्यांना."

सर्व्हेअरनी परत लावलं.