घट्ट झाकण

चौफुल्याच्या स्टँडवर एका अनोळखी माणसापुढं मी पाण्याची बाटली धरली आणि म्हटलं, "जरा उघडून देता का?"

त्यानं बाटलीकडं पाहिलं. सीलबंद, नवीकोरी. मग माझ्याकडं पाहिलं — ओढणीत डोळ्यांपर्यंत गुंडाळलेली मी — आणि गालात हसला.

"उघडत न्हाई, का वळख काढायचीय?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. सकाळच्या पहिल्या गाडीनं तळेगाव ढमढेऱ्याहून निघालेले, जीभ टाळ्याला चिकटलेली, आणि ह्याला थट्टा सुचतेय. हात ओले आहेत म्हणून मी खोटंच सांगितलं. मग पुसून घ्यायचे की, असं म्हणत त्यानं बाटली घेतली. कर्र करून झाकण फिरवलं आणि परत नुसतं वर ठेवून दिलं... सैल, बोटानं ढकललं तरी निघेल असं. मी दोन्ही तळव्यांत बाटली धरून प्यायले. माझी बोटं मिटत नव्हती हे त्यानं तेव्हा पाहिलं असावं, कारण त्याचं हसू गेलं.

दौंडच्या गाडीत तो माझ्या मागच्याच बाकावर बसला. दौंडला उतरल्यावर काही न बोलता हात पुढं केला, बाटली घेतली, माझं मीच कसंबसं घट्ट केलेलं झाकण सैल केलं आणि निघून गेला. नावही विचारलं नाही. आगाऊ तो आगाऊ, आणि जाताना असा गेला की दिवसभर माझ्या डोक्यातून जाईना.

मी गौतमी. घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे. आता 'होतं' म्हणायची वेळ येते की काय, या धास्तीत तेव्हा दिवस चालले होते. दोन वर्षांपूर्वी मला संधिवात झाला. लोकांना वाटतं, म्हातारपणाची गुडघेदुखी. ती ही नव्हे. ह्यात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं, आणि सव्वीस वर्षांच्या पोरीलाही धरतं. माझी तर आधी बोटंच धरली. आयब्रो करायला दोरा लागतो आणि दोऱ्याला बोटं लागतात. गिऱ्हाईक डोळे मिटून बसलेलं असायचं, म्हणून माझे ओठ दाताखाली दाबलेले कुणाला दिसायचे नाहीत.

त्यात चेहरा. नाकाच्या कडेला पापुद्रे, गाल तडकलेले, हसलं की ओठांच्या कोपऱ्यात आग. पार्लरवालीचा चेहरा म्हणजे दुकानाची पाटी. "ताई, आधी तुमचंच फेशियल करा की," असं एक बाई हसत म्हणाली, आणि पुन्हा आली नाही. मग मी पार्लरवालीचा शहाणपणा केला. पापुद्रे निघतायत ना, घासून काढू. स्क्रब, वाफ, ब्लीच... जितकं घासलं तितका चेहरा आणखी सोलवटला.

पुण्याचे एक डॉक्टर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दौंडला येतात, त्यांनी चांगलंच झापलं. या आजारात काहीजणांचे डोळे, तोंड, कातडी कोरडी पडते, आणि तुम्ही वरून पॉलिशपेपर मारताय, म्हणाले. सगळं बंद. कोमट पाणी, साबण नाही, उन्हात चेहरा झाकायचा, आणि तोंड धुतल्यावर चेहरा ओला आहे तोवर, तीन मिनिटांच्या आत, घट्ट क्रीम लावायचं.

तीन मिनिटं. सकाळी साडेआठपर्यंत माझी बोटं लाकडाची असतात. क्रीमची डबी समोर असायची आणि झाकण फिरायचं नाही. दातानं बघितलं, दाराच्या फटीत धरून बघितलं. रात्री सैल ठेवलं तर सकाळी आत मुंग्या. डबीशी झटापट चाललेली असतानाच चेहरा वाळून ताणायला लागायचा. आई सहाला भाजी तोडायला जाते. तिला सांगितलं असतं तर तिनं लावूनही दिलं असतं. पण माझी बटणं तिनं लावायची, केस तिनं विंचरायचे, आता तोंडालाही तिनंच चोपडायचं? एक तरी गोष्ट माझी मला करायची होती. गावात जो भेटेल तो सल्ला द्यायचा... साय लाव, खोबरेल लाव, कोरफड लाव. झाकण कसं उघडतेस, हे कुणी विचारलं नाही.

पुढच्या पहिल्या गुरुवारी तो चौफुल्याला होताच. "आज पण हात ओले?" एवढंच म्हणाला, पण आवाजात थट्टा नव्हती. आणि मला काय झालं कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं. बोटं, पापुद्रे, तीन मिनिटं, मुंग्या. माझ्या घराबाहेर मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आईची सक्त ताकीद होती... पोरीच्या जातीचं दुखणं वेशीला टांगू नये. त्यानं मान खाली घालून ऐकलं. मग विचारलं काय, तर—

"झाकणाला आटे किती हायेत?"

त्याचं नाव महेंद्र, गाव केंदूर, केडगावात लेथचं शेड. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दौंडला बेअरिंग आणायला जायचा. आयुष्यभर नटबोल्टचे आटे पाडलेल्या माणसाला माझ्या दुःखात दुसरं काय दिसणार? मी पर्समधून डबी काढून दिली. त्यानं ती निरखली, क्रीमचं नाव मोबाईलमध्ये टिपून घेतलं आणि गाडी आली.

जानेवारीत त्यानं बाटली आणली. हात धुवायच्या साबणाची असते तशी, पंपाची. पण पंपाच्या डोक्यावर पांढऱ्या नायलॉनची तळहाताएवढी चकती बसवलेली. क्रीम घट्ट, नेहमीच्या नळीतून वर येईना, म्हणून त्यानं जाड नळी घातली होती. मनगटानं दाबलं तरी चालेल, कोपरानं दाबलं तरी चालेल, म्हणाला. स्टँडच्या बाकावर बाटली ठेवली आणि मी मनगट टेकवलं. पांढरी वेटोळी तळव्यावर आली. मला रडू फुटलं, पण माझ्या डोळ्यांत तेही नीट येत नाही... नुसते चुरचुरतात.

"आणि संपल्यावर भरायची कशी?" मी विचारलं. "हे तर फारच घट्ट बसवलंय."

"मुद्दाम. मला सोडून कुणाला उघडायचं न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी... महिन्याला एक लागंल. रिकामी आणायची, भरलेली न्यायची." त्याचे कान लाल झाले होते. आणि माझेही, पण ते ओढणीत होते.

घरी आई म्हणाली, पोरगा भर स्टँडवर बाटली देतो आणि तू घेतेस, लोक काय म्हणतील. मी इतकी हसले की ओठ तडकला.

फेब्रुवारीत चेहरा निवला होता. स्टँडच्या शेडच्या सावलीत त्यानं हळूच विचारलं, ओढणी काढता का. मी इकडंतिकडं पाहिलं आणि काढली. तो बघतच राहिला... मला कुठं बघावं कळेना.

"काय बघताय एवढं?"

"माझं काम."

"निर्लज्ज आहात."

"हाय थोडा. आईला घेऊन तळेगावला येऊ का?"

आधी ऐकून घ्या म्हटलं. हे बरं होणार नाही, आटोक्यात राहील. बोटं वाकतीलही. आठवड्यातून एकदाची जी गोळी चालू आहे, तिच्यावर असताना मूल होऊ द्यायचं नाही. डॉक्टरांना विचारून ती थांबवायची, मग काही महिने थांबायचं, तेव्हा कुठं. सगळं एका दमात सांगितलं. तो म्हणाला, घरात झाकणं उघडायला माणूस लागंलच की. इतकं सोपं असतं का हो? पण त्या दिवशी मला वाटलं, असतं.

पाहायला यायच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज पडलेला. माझ्या आईला इतक्यात सांगू नको म्हणाला. तिची धाकटी बहीण याच दुखण्यात अंथरुणाला खिळून गेली, ऐकलं तर उंबऱ्यातून माघारी फिरंल. लग्न झालं की हळूहळू सांगू. माझी आई जे दोन वर्षं म्हणत होती, तेच तो म्हणाला. ज्या एका माणसापुढं मी ओढणी काढली होती, त्यानंच ती पुन्हा गुंडाळायला सांगितली. रात्रभर मी छताकडं बघत होते. उद्या गप्प राहिले तर तो माझा होईल, आणि रोज सकाळी साडेआठपर्यंत मला सासूपासून हात लपवावे लागतील.

त्याची आई, रंभामावशी, माणूस म्हणून सोन्यासारखी. आल्या आल्या जय भीम घातला, माझ्या हनुवटीला हात लावून "गोड हाय गं पोर" म्हणाली. चहा झाला. मग तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला, फिरकीच्या झाकणाचा. स्वतः केलेले शेंगदाण्याचे लाडू. माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "उघड बाई. तुझ्या हातनं तोंड गोड करू."

माझ्या आईनं झटकन हात पुढं केला. महेंद्रनं तिच्याही आधी. "आण, मी उघडतो, झाकण लय घट्ट हाय," तो हसत म्हणाला, आणि त्याचे डोळे मला विनवत होते... राहू दे, गौतमी. एवढं एक राहू दे.

मी डबा सोडला नाही.

"मावशी, माझ्याच्यानं हे उघडत नाही," मी म्हटलं. "मला संधिवात आहे. तुमच्या बहिणीला होता तोच."

आईनं पदर तोंडाला लावला. मावशीनं माझी बोटं निरखून पाहिली, मग उठली.

"खोटं न्हाई बोललीस, बरं केलंस," ती म्हणाली. "बहिणीचं मी सात वर्षं केलंय, पोरी. आता माझ्याच्यानं न्हाई व्हायचं." जाताना तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि त्या हातानं मी जास्त मोडले. महेंद्र तिच्या मागनं गेला. वळून पाहिलं नाही. डबा आमच्याकडंच राहिला, आईनं तो न उघडताच फळीवर ठेवून दिला.

मार्चच्या गुरुवारी तो चौफुल्याला होता. पायाशी भली मोठी पिशवी. मला वाटलं बेअरिंग असतील. त्यानं पिशवीचं तोंड उघडून दाखवलं... बाटल्या. पंपाच्या, पांढऱ्या चकत्यांच्या, काठोकाठ भरलेल्या. बारा.

"वर्षभराची सोय झाली," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "तुला अडायला नको."

महिन्याला एक लागते. जो माणूस बारा आणतो, त्याला पुन्हा यायचं नसतं. एवढं कळायला मला डॉक्टर लागत नाही. मी वाकले, दोन्ही तळव्यांत एकच बाटली उचलली.

"ही संपली की या," मी म्हटलं. "बाकीच्या घेऊन जा. मला साठा नको."

"गौतमी, आई..."

"तुमची आई खरं बोलली. मीपण बोलले. तुमचंच राहिलंय."

दौंडची गाडी आली. मी चढले. खिडकीतून दिसला तो... अकरा बाटल्यांची पिशवी पायाशी, हात लोंबते. मी वळून पाहिलं, मला राहवलं नाही.

तो महिना मी कसा काढला ते सांगू नये. सकाळी दोनदा दाबायचं तिथं एकदाच दाबायला लागले. मग एक दिवसाआड. बाटली संपली नाही तर तो येतो की नाही हे कळायचंही नाही, असं माझं गणित. चैताचं ऊन, फुफाट्याचा वारा... गाल पुन्हा तडकले. आरशात बघितलं आणि स्वतःचाच राग आला. एका माणसाच्या भीतीनं मी स्वतःचं तोंड सोलवटून घेत होते, पूर्वी ब्लीचनं घेतलं तसंच. त्या दिवसापासून दोनदा दाबलं. तीनदाही दाबलं. गुरुवारी पहाटे पंपानं नुसती हवा सोडली.

रिकामी बाटली पर्समध्ये टाकून मी चौफुल्याला उतरले. बाक रिकामा होता. तहान लागली होती. शेजारी एक बाई पोराला घेऊन बसली होती. मी पाण्याची बाटली तिच्यापुढं धरली आणि म्हटलं, "मला संधिवात आहे, बोटं चालत नाहीत. एवढं उघडून द्याल?" तिनं लगेच दिलं. किती सोपं होतं ते. हे मी त्या पहिल्या दिवशीच म्हटलं असतं तर... तर तो हसलाच नसता, आणि काहीच झालं नसतं.

दौंडची गाडी लागली. मी उठले. रांगेत पाय टाकला आणि बाजूला तो उभा होता. दाढी वाढलेली, शर्ट ऑईलचा, शेडवरून तसाच आलेला.

"आईला सांगितलं," तो म्हणाला. "म्हटलं, लगीन करीन तर तिच्याशीच, आन् तिचं सगळं मी करीन, तुला कशाला हात लावू द्यायचा न्हाई. पंधरा दिवस झालं, माझ्याशी बोलत न्हाई ती."

"बोलतील?"

"म्हाईत न्हाई."

मलाही माहीत नव्हतं. माझी बोटं सरळ होणार नव्हती, मावशीची बहीण परत येणार नव्हती. कंडक्टर ओरडत होता. मी त्याच्या पायाशी बघितलं, पिशवी नव्हती. त्याच्या हातात एकच बाटली होती.