फेलिझ्मिना मावशीच्या शेगडीतला आवाज

दिवा थोडा मोठा करा, आणि शेगडीकडे पाठ करून बसू नका. भीतीपोटी सांगत नाही. तीस वर्षं शेगड्या बसवतोय आणि दुरुस्त करतोय, त्यामुळे ती समोर दिसत असली की मला बोलायला बरं पडतं.

तशी ही गोष्ट रात्रीची नाहीच. डिसेंबरच्या बावीस तारखेची दुपार, तीनचा सुमार. दरीतून वर आलेलं धुकं फ्रेशेदाश गावाच्या गल्ल्यांत अडकून बसलं होतं आणि मी हत्यारांची पेटी घेऊन फेलिझ्मिना मावशीच्या दारात उभा होतो. काम साधं होतं. तिच्या शेगडीचा ब्लोअर आवाज करत होता.

शेगडी मीच बसवलेली, आदल्या वर्षी. आमच्याकडची जुनी चूल म्हणजे एक छोटी खोलीच. वर भलं मोठं धुराडं, त्यात धुराला टांगलेली सॉसेजं, आणि चुलीच्या अंगाला, धुराड्याच्या आतच, एक दगडी बैठक. मावशीचा नवरा सेवेरिनु काका जन्मभर त्या बैठकीवर बसला. पाटीच्या दगडाच्या खाणीत चाळीस वर्षं काढलेला माणूस, छातीत दगडाची भुकटी भरलेली. दोन आखूड श्वास घ्यायचा, थांबायचा, मग शिट्टीसारखा लांब श्वास सोडायचा आणि शेवटी खोकायचा. उन्हाळ्यातसुद्धा त्याला शेक लागायचा.

तो नोव्हेंबरात गेला आणि नाताळला मुलगी ओदेत फ्रान्सहून आली. आई एकटी, उघडी चूल, ठिणगी उडाली तर काय घ्या, म्हणून तिने काचेच्या दाराची लोखंडी शेगडी मागवली. ती धुराड्याखाली सरकवायची आणि भोवती जिप्समच्या फळ्यांची भिंत उभी करायची. खालचा ब्लोअर हवा ओढतो, शेगडीच्या अंगावरून फिरवतो आणि वरच्या जाळीतून गरम करून खोलीत सोडतो. दगडी बैठक फोडायची तर दोन दिवस गेले असते. मी ती तशीच आत ठेवली आणि पुढून फळ्या ठोकल्या.

इथेच माझी चूक झाली. आमच्याकडे माणूस गेला की पहिल्या नाताळाला त्याचं ताट मांडतात, रात्री टेबल आवरत नाहीत. तो येतो, जेवतो, शेकतो. मावशीच्या घरची समजूत अशी की तो तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे सहा जानेवारीपर्यंत, मुक्कामाला असतो. सत्तावीस डिसेंबरला मी शेवटची फळी उचलली तेव्हा ती हळूच म्हणाली होती, "नोर्बेर्तु, ही बाजू तेवढी सणानंतर लाव रे."

"मावशी, ओदेत उद्या निघतेय, तिला काम पुरं झालेलं बघायचंय. आणि मी परत हेलपाटा घातला तर काका मजुरी देणार आहेत का?"

मी हसलो. ती हसली नाही. फळी लावून मी घरी गेलो.

तर त्या बावीस तारखेच्या दुपारी तिने दार उघडलं आणि मला आत ओढलंच.

"आलास? उशीर केलास. ओदेत आज येतेय, पाच-सहापर्यंत. तिच्या कानावर हा आवाज जाता कामा नये."

"अहो, ब्लोअर आहे. थोडा आवाज करणारच की."

"मी फोनवर बोलून बसले रे… तुझे बाबा आत खोकतात म्हणून." तिने काळ्या शालीचं टोक मुठीत आवळलं. "तिने ब्रागांसा शहरातल्या वृद्धाश्रमात जागा बघितली. म्हणते, आई, तुला भास होताहेत. सात जानेवारीला मला तिथे सोडून ती परत जाणार. एक्क्याऐंशी वर्षांची झाले मी. या घरातून मला हलवू देऊ नकोस. मला इथेच मरायचंय."

"कोण हलवतंय तुम्हाला? पंख्याला खोकला होत नाही मावशी, पंख्यात राख होते."

मी फोनवर सांगितल्याप्रमाणे तिने सकाळपासून शेगडी पेटवली नव्हती. मी ब्लोअरला थेट वीज जोडून चालू केला. दोन आखूड घरघरी. मग विराम. मग लांब शिट्टी.

बेअरिंग सुकलं की शिट्टी वाजते, हे कुठलाही शिकाऊ सांगेल. मी ब्लोअर बाहेर काढला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याच्यावर ठेवला. पात्यांत वर्षाची राख आणि मांजराचे केस गुंतले होते. ब्रशने साफ केले. बेअरिंगला तेल सोडलं. खालचे रबराचे तुकडे कडक झाले होते, ते बदलले. सैल झालेले दोन स्क्रू आवळले. टेबलावरच लावून बघितला तर आवाज म्हणून नाही, जवळ धरलेला कागद तेवढा थरथरत होता. मला बरं वाटलं.

परत आत बसवला. दोन घरघरी, विराम, शिट्टी.

दुसऱ्यांदा काढला, टेबलावर ऐकला. गप्प. परत बसवला. तेच. पंखा एकदा फिरायला लागला की एकसारखा फिरतो; तो मध्ये थांबून दम घेत नाही. मला हे मघाशीच कळायला हवं होतं, कळलंही असेल, पण मी कबूल करत नव्हतो. शेवटी मी ब्लोअर काढून कागदात गुंडाळला, भिंतीतल्या दोन्ही वायरींची तोंडं चिकटपट्टीने बंद केली आणि म्हणालो, "मावशी, हा मी घेऊन जातो. ब्लोअरच नाही म्हटल्यावर आवाजही…"

माझं वाक्य अर्धंच राहिलं. फळीच्या मागे कोणीतरी श्वास घेतला. दोनदा… आखूड. मग तो थांबला, आणि त्याच्याबरोबर आम्ही दोघंही थांबलो. मग शिट्टी… आणि अगदी दबका, तोंडावर हात धरून आवरलेला खोकला.

मावशी माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मला मात्र लाज वाटली, भीतीच्याही आधी लाज वाटली.

"सण व्हायच्या आधी लावलीस तू," ती म्हणाली. "तो आतच होता."

मी पेचकस उचलला. कडेच्या फळीचे आठ स्क्रू काढले. सातवा हातातून पडला तो आठव्यानंतर सापडला. फळी बाजूला होताच आतून ऊब आली. सकाळपासून शेगडी थंड होती, तरी ऊब आली. ओल्या लोकरीचा, तंबाखूचा आणि दगडाच्या भुकटीचा वास. मी बॅटरी मारली. सगळीकडे बोटभर काजळी आणि धूळ. दगडी बैठक तेवढी स्वच्छ होती, बसून बसून गुळगुळीत झालेली.

मावशी भोकाशी वाकली.

"सेवेरिनु… अरे, उघडलंय. ऊठ आता."

श्वास थांबला. मी भिंतीला चिकटून उभा राहिलो, त्याला वाट द्यावी म्हणून. पण माझ्या अंगावरून काही गेलं असं मला जाणवलं नाही. शपथेवर सांगतो, नाही जाणवलं.

तेवढ्यात बाहेर गाडीचं दार आपटलं.

ओदेत आत आली ती बॅगा खाली ठेवायच्या आधी भिंतीकडे बघत. ती माझ्याच वर्गातली. शाळेतही मास्तरांच्या आधी वही तपासायची.

"हे काय? नोर्बेर्तु, तूही हिच्या नादाला लागलास? भिंत फोडून बाबांना शोधताय की काय?"

"ब्लोअर तपासत होतो."

"आई, बघ, मी भांडायला आलेली नाही." तिचा आवाज एकदम थकला. "दोन दिवस गाडी चालवतेय. मी तिकडे, तू इकडे भिंतीशी बोलत बसलेली. मला झोप लागत नाही गं. हा आवाज खरंच यंत्राचा असेल आणि बंद होणार असेल तर राहा तू इथे. नाहीतर सात तारखेला आपण जायचं. मी पैसे भरून ठेवलेत."

मावशीने भोकाकडे बघितलं, मग मुलीकडे.

"लाव ती फळी, नोर्बेर्तु."

"मावशी, अजून…"

"लाव म्हणते ना."

मी लावली. दुसऱ्यांदा, याच हातांनी.

ओदेतने शेगडी पेटवली. ओकची लाकडं भराभर पेटली, अर्ध्या तासात काच लाल झाली. मावशीने कॉड माशाचं सूप गरम करून तिच्यापुढे ठेवलं. ब्लोअर माझ्या काखेत, कागदात. आता सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, "ओदेत, ऐक, ब्लोअर मी…"

तिने बटण फिरवलं. एकवर.

जाळीतून हवा आली. गरम हवा आपोआप वर चढते, तेवढं मलाही कळतं. पण टेबलावरच्या कापडाचा पदर त्याने हलत नाही. पदर हलला. तिने दोनवर केलं, पदर उचलला गेला. तीनवर केलं आणि समोरचा पडदा फुगला. आवाज काहीही नाही. ते बटण ज्या वायरींना जोडलं होतं त्यांची तोंडं मी स्वतः बंद केली होती.

"अरे वा!" ओदेत जाळीपुढे हात धरून हसली. "म्हणजे यंत्रच बिघडलं होतं. काय होतं रे?"

मी मावशीकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते.

"बेअरिंग," मी म्हणालो.

सात तारखेला ओदेत एकटीच परत गेली. त्याच दुपारी मी ब्लोअर घेऊन फ्रेशेदाशला गेलो. म्हटलं, फळी काढतो, काकांना मोकळं करतो, ब्लोअर बसवतो, झालं. मावशीने दार अर्धंच उघडलं. आतून उबदार वारा माझ्या तोंडावर आला.

"कशाला आलास?"

"मावशी, त्यांची छाती… खोकला आवरून असे किती दिवस फुंकत राहणार ते?"

"मी विचारलं त्याला." तिने मान खाली घातली. "तो बोलत नाही. बोलला तर खोकला येईल ना. उघडलं तर तो जाईल, मग ती शेगडी परत कुरकुरेल नाहीतर गारठेल, आणि पोरगी मला घेऊन जाईल. माझं फार दिवस राहिलेलं नाही, नोर्बेर्तु. मी निघताना मीच उघडेन. तू ये तेव्हा."

ती आणखी चार हिवाळे जगली. मी दरवर्षी विचारायचो, ती "अजून नाही" म्हणायची. या मार्चमध्ये झोपेतच गेली, स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंथरुणात, हवं होतं तसंच. मला बोलवायला तिला वेळ मिळाला नाही. ओदेत आली, दफन झालं, वीज तोडली, कुलूप लावून किल्ली घेऊन गेली. घर विकायला काढलंय. फळी काढायला किल्ली दे असं मी तिला फोनवर म्हणालो, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, नवा मालक बघेल.

परवा मी त्या गल्लीतून चाललो होतो. दुपारच होती, पण गोठवणारी थंडी. सगळ्या बंद घरांच्या काचांवर बाहेरून हिम. फेलिझ्मिना मावशीच्या खिडकीवर हिम नव्हतं. काच आतून वाफेने भरली होती आणि आतला पडदा हळूहळू फुगत होता. मी काचेला तळहात लावला. कोमट होती.

काचेला तोंड लावून दोन शब्द बोलायचे होते, एवढंच. ते माझ्याच्याने झालं नाही, मी तिथून पळालो. तिला जाऊन नऊ महिने झाले, आणि त्याला हे अजून कोणीच सांगितलेलं नाही.