खांद्यावरचा घडा

त्रिशिखर दुर्गाच्या पूर्वकड्यावर उजाडले, तेव्हा महिनाभर खिंड अडवून बसलेल्या शत्रूच्या राहुट्या उतरवल्या जात होत्या. पण गड वाचला म्हणून तटावर नगारा झडत असताना, टाक्यापाशी घडा भरणाऱ्या सामा दासीचे डोळे खाली उभ्या गाड्यांवर खिळले होते. तहात ठरलेल्या दहा दासी दुपारी शत्रूच्या गाड्यांत चढणार होत्या, आणि त्यांत तिची नऊ वर्षांची रोहणी होती.

सामेला मात्र त्याच सकाळी मुक्ती मिळायची होती. पाच दिवसांपूर्वी फितूर अंगरक्षकाने दुर्गपाल खंदपालितांवर कट्यार उगारली, तेव्हा तिने ते पाते उघड्या मुठीत धरले होते. आणि धन्याचा जीव वाचवणारा दास मुक्त होतो, असा शास्त्राचा दंडक होता. रीत ठरलेली: दासाच्या खांद्यावरचा घडा धन्याने उतरवून फोडायचा, मस्तकावर लाह्याफुलांचे पाणी शिंपडायचे आणि तीनदा म्हणायचे, 'तू दास नाहीस.'

सभामंडपात सामा आली ती लेकीला पुढे घालून. घडा रोहणीच्या खांद्यावर होता. आईचा हात फडक्यात गुंडाळलेला, म्हणून कुणाला वावगे वाटले नाही.

"घडा घे आता तिच्याकडून," दुर्गपाल म्हणाले.

"नको, स्वामी. आहे तिथूनच फोडावा."

"हात कापला होता असं ऐकलं होतं," सेनानी नंदसेन हसला, "डोक्यालाही लागलेलं दिसतंय."

दुर्गपालांच्या कपाळावर आठी चढली. "जीव तू वाचवलास. पोरीनं काय केलं?"

"काहीच नाही, स्वामी. म्हणून तर विचारते, तिला गाडीत कशाबद्दल चढवता?"

"तह मोडायला सांगतेस?"

"तहात दहा दासी आहेत. ही दासी नसली, तर दहावी मी आहे."

मंडपात कुजबुज उठली. दुर्गपाल न्यायासनावरच्या वृद्ध भूतपालांकडे वळले. "धर्मस्थ, आपली मुक्ती दुसऱ्याला द्यावी, असं शास्त्रात कुठे आहे?"

"देऊ नये, असंही कुठे नाही," भूतपाल शांतपणे म्हणाले. "धनी ज्याच्या खांद्यावरचा घडा फोडेल, तो मुक्त. आणि पोरीची चिंता नको. माझ्या घरी, माझ्या सुनांच्या पंगतीला जेवेल ती."

दुर्गपालांनी सभोवार पाहिले. सामेच्या मुठीतून ठिबकलेले रक्त ज्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, असे शेकडो सैनिक खांबाखांबांशी उभे होते, आणि त्यांतला एकही आता हसत नव्हता. दुर्गपालांनी उठून घडा उतरवला, फरशीवर आपटला आणि मुलीच्या मस्तकावर पाणी शिंपडले. तीनदा शब्द उच्चारताना त्यांची नजर मात्र मुलीवर नव्हती, तिच्यामागे ताठ उभ्या असलेल्या दासीवर होती.

दुपारी सामा न बोलावता गाडीत चढली. चढताना लेकीला एवढेच म्हणाली, "टाक्याच्या कडेला एकटी जायचं नाही. आणि ताटातलं सगळं संपवायचं."

गाड्या खिंडीत दिसेनाशा झाल्यावर दरवाजावरच्या नव्या पहारेकऱ्याने तिथेच उभ्या असलेल्या पोरीला हटकले. दासांची मुले अशा वेळी धन्याचे नाव सांगत, म्हणून त्याने नेहमीच्याच सुरात विचारले, "कुणाची गं तू?"

रोहणीने डोळे पुसले आणि त्याच्याकडे सरळ पाहिले.

"सामेची."