पाचवं मौन

“थांबा! ते रजिस्टर नाही!”

ती दुकानाच्या दारात धापा टाकत उभी राहिली. आत टेबलाशी बसलेल्या बाइंडरच्या एका हातात पुस्तक होतं, दुसऱ्या हातात सुरी आणि पुढ्यात पुस्तकाचा कणा... संत्र्याच्या सालीसारखा अलगद सोलून ठेवलेला.

“उशीर झाला हो,” तो म्हणाला. मग त्याने पहिलं पान उलटलं, पापण्या मिचकावत एकेक अक्षर जुळवलं आणि खुर्चीत एकदम ताठ झाला. “अरे देवा... हा तर ग्रंथ!”

“आधी वाचून पाहायचं नाही का?”

“रजिस्टरं मी वाचत नाही, मॅडम. सोलतो.”

ती जवळच्याच लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा तपासायची. जेवणाच्या सुट्टीत वाचावा म्हणून नेलेला ग्रंथ टेबलावर राहिला आणि शिपाईकाकांनी तो जुन्या रजिस्टरांच्या गठ्ठ्यात बांधून बाइंडिंगला पाठवून दिला. त्यालाही तसाच काळा पुठ्ठा. काकांचा तरी काय दोष!

“आत्याचा आहे. चाळीस वर्षांचा.”

“तरीच. कणा आधीपासूनच खिळखिळा होता. मी फक्त शेवटचा निरोप दिला.” त्याने पानं चाळली आणि थांबला. “ही चित्रंसुद्धा चाळीस वर्षांची का?”

समासात पेन्सिलीने काढलेले बारीक गोल होते, बाण होते, अर्धवट सोडलेली एक फांदी होती. तिचे कान तापले.

“ती... खोडून टाका. आत्याला कळलं तर माझी धडगत नाही.”

आत्यानेच तिला लहानाचं मोठं केलं होतं. ती गप्प गप्प आपल्या कामात असायची म्हणून आत्या तिला मुंगी म्हणायची. ग्रंथ वाचायची आत्याची रीत ठरलेली. पाठ ताठ, ओळीवर बोट, प्रत्येक ओळ तीनदा. आता एका डोळ्याने दिसणं थांबलं होतं आणि दुसऱ्याचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी होतं. दिसेल की नाही, याबद्दल डॉक्टरांनी शब्द दिला नव्हता. आत्याने डॉक्टरांना एकही प्रश्न विचारला नाही. मुंगीला मात्र म्हणाली, “पट्टी असेल तेव्हा मला सातवा अध्याय सांगशील? वाचून नको दाखवूस. सांग. पुढे दिसलंच नाही, तर तो कुणाला तरी कळलाय एवढं मला ठाऊक असू दे.”

घोडं इथंच पेंड खात होतं. सातव्या अध्यायात मौनाचे सात प्रकार होते. पाठ ताठ ठेवून, ओळीवर बोट ठेवून तिने तो अकरा वेळा वाचला होता, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. वर्षापूर्वी पाहिलेल्या पेशीचा आकार तिला जसाच्या तसा आठवायचा. पाचवं मौन मात्र कालचंही आठवेना. आपली श्रद्धाच तोकडी, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

“बुधवारी देतो,” बाइंडर म्हणाला. “नवी शिवण, पाठीला कापड, वर दोन दिवस वाळायला.”

“आणि तोवर मी वाचू काय? मला सातवा अध्याय तयार करायचाय.”

“सातवा?” त्याने मान खाजवली. “मग रोज सहाला या. सांगेन.”

“तुम्हाला येतो?”

“मला नाही. हाताला येतो.”

ही थट्टा नव्हती, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. तिने विचारलं, “सांगा, पहिलं मौन कोणतं?” त्याने तोंड उघडलं... मिटलं... पुन्हा उघडलं.

“सुई नाही ना हातात,” तो ओशाळून म्हणाला.

त्याने दोरा ओवला, आठ पानांची घडी समोर घेतली, पहिला टाका घातला आणि खळीच्या वासाने भरलेल्या त्या खोलीत त्याचा आवाज असा वाहू लागला, जणू दोऱ्याबरोबर शब्दच बाहेर ओढले जात होते. पहिलं थकव्याचं मौन. दुसरं रागाचं...

“अक्षरं माझ्यापुढे उभीच राहत नाहीत, सरकतात,” शिवता शिवता तो म्हणाला. “शाळेत मास्तर म्हणायचे, डोक्यात भुसा भरलाय. घरी बाबा शिवायला बसले की आई ग्रंथ वाचायची आणि माझ्या हातात सुई असायची. सगळा तसाच आत गेला. आता सुई सुटली की ग्रंथही सुटतो.”

ती म्हणाली, “मला वाटायचं, माझ्यात श्रद्धाच नाही.”

“श्रद्धा नसती तर काल सुरी बघून तुमचा चेहरा तसा झाला नसता.” त्याने कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्या तिच्याकडे सरकवल्या. “ग्रंथात काढायला भीती वाटते ना? यावर काढा. या कचऱ्यातल्या आहेत, यांना कोण रागावणार?”

ती काढू लागली. तो सांगायचा आणि ती प्रत्येक मौनाची एक पेशी काढायची. थकव्याचं मौन सुकून चपटं झालेलं. रागाच्या मौनाला बाहेरून काटे. तिसरं ऐकणाऱ्याचं, त्याच्या भिंतीला छिद्रंच छिद्रं. चौथं दुःखाचं, एका बाजूला कललेलं. पाचव्यापाशी ती बराच वेळ थांबली. आत दाटीवाटीने ठिपके भरले, पण बाहेरच्या भिंतीला एकही वाट ठेवली नाही.

तो वाकून पाहू लागला. “एवढं गच्च?”

“भीतीचं आहे ना. बोलायचं सगळं तयार असतं. बाहेर पडायला जागा नसते.”

“अच्छा,” तो म्हणाला आणि सुई त्याच्या बोटात घुसली.

“लागलं?”

“नाही... म्हणजे, हो.”

सहा वाजायचे, ती यायची. शनिवारपर्यंत सातही पेशी तिला तोंडपाठ झाल्या. तोंडपाठ कसल्या, डोळे मिटले की समोर दिसू लागल्या. खरं तर आता यायचं काही कारण नव्हतं. तरीही सोमवारी ती आली. “सहावं जरा पुन्हा सांगता?” म्हणाली. सहावं होतं सोबतीचं मौन. त्याने ते इतकं सावकाश सांगितलं की एका टाक्याला पाच मिनिटं लागली.

बुधवारी मात्र ग्रंथ तयार नव्हता.

“शुक्रवारी. घरी आणून देतो,” तो खाली बघत म्हणाला.

“उद्या ऑपरेशन आहे! शब्द दिला होता तुम्ही.”

त्याचे ओठ हलले. टेबलावर सुई कुठेच नव्हती. ती वाट पाहत राहिली आणि मग दुसरं मौन घेऊन, सगळ्या काट्यांसकट, पायऱ्या उतरून गेली.

गुरुवारी ऑपरेशन झालं. संध्याकाळी घरी आत्या पट्टी बांधून उशीला टेकून बसली. “सांग,” म्हणाली.

ना ग्रंथ हाताशी, ना आत्याला चित्र दिसणार. मुंगीने क्षणभर विचार केला आणि आत्याचा तळहात आपल्या मांडीवर घेतला.

“हे पहिलं,” ती बोटाने गोल काढत म्हणाली. “चपटं. थकव्याचं.” काट्यांपाशी आत्याला गुदगुल्या झाल्या. पाचव्यापाशी तिने तळव्यावर ठिपके दिले, गच्च, एकाला एक लागून. आत्याचं हसू थांबलं.

“अगं, हे तर माझं आठवड्याभराचं मौन,” ती हळूच म्हणाली आणि मग बराच वेळ तिने तो तळहात मिटूनच ठेवला.

शुक्रवारी दार वाजलं. बाइंडर दारात उभा होता, काखेत ग्रंथ. दुप्पट जाड!

आत्याने चाचपून पाहिलं. “बाळसं धरलं की काय याने?”

मुंगीने तो उघडला. तिची समासातली चित्रं होती तिथेच होती, एकही खोडलेलं नव्हतं. आणि ग्रंथाच्या प्रत्येक पानासमोर एक कोरं पान शिवलेलं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

“आत्या,” ती कसंबसं म्हणाली, “कोरी पानं घातलीत यांनी. आणि मी ग्रंथात पेन्सिल चालवलीय. बरीच.”

“काल माझ्या हातावर चालवलीस तशीच ना?” आत्या म्हणाली. “मला ग्रंथ बोटाने कळला म्हणून सगळ्यांना तसाच कळावा, हा माझाच हट्ट. पण अरे बाइंडर, कोरी पानं का घातलीस ते तरी सांग! मुका आहेस का?”

तो तोंड उघडून उभा होता. मुंगीने त्याच्याकडे पाहिलं. ते मौन तिने लगेच ओळखलं. गच्च ठिपके, वाट एकही नाही. बुधवारीही हेच होतं आणि आपण ते रागात वाचलं.

तिने आत्याच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली, हिरवा दोरा ओवला आणि त्याला खुर्चीत बसवून उसवलेला उशीचा अभ्रा त्याच्या मांडीवर ठेवला.

“शिवा.”

पहिला टाका पडला.

“मॅडम पेन्सिलीने ऐकतात, आत्या,” तो म्हणाला. “म्हणून.” दुसरा टाका. “कोऱ्या पानांना एक दिवस जास्त लागला. दुसरा मी उगाच लावला.” तिसरा, चौथा... हात आता भरभर चालू लागला. “पाचवं मौन म्हणजे... सहाला कुणी यायचं असतं आणि पाचपासूनच दोरा ओवता येत नाही. काम संपलं की येणं थांबणार, हे ठाऊक असतं, म्हणून टाके लांबवायचे. आणि मुंगी हे नाव शिपाईकाकांकडून कळलं की ते शिवताना दिवसभर म्हणत बसायचं. ते पाचवं.”

आत्याने ग्रंथावरून हात फिरवला.

“हे ग्रंथात नाही हं,” आत्या म्हणाली. “चाळीस वर्षं वाचतेय मी.”

“आहे,” मुंगी म्हणाली. “समोरच्या कोऱ्या पानावर आहे.”

तो लाजून झटक्यात उठला आणि अभ्राही त्याच्याबरोबर उठला. अभ्र्यासकट स्वतःची बाही शिवून बसला होता बिचारा! ती कात्री घेऊन आली. दोरा कापायला तिला खूप वेळ लागला. तिचा हात त्याच्या मनगटावर होता आणि दोघांपैकी कुणीच बोलत नव्हतं. सहावं.

“कात्रीला धार नाही वाटतं,” आत्या म्हणाली. “माझ्या डोळ्यांवर पट्टी आहे, कानांवर नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात पट्टी निघाली. डॉक्टरांनी खिडकीचा पडदा थोडासा सरकवला. “काय दिसतं, सांगा सावकाश.”

आत्याने डोळा किलकिला केला. समोर धूसर उजेड... त्यात दोन माणसं, जरा जास्तच जवळ उभी... मग हळूहळू एक बाही आणि तिच्यावर लोंबणारा एवढासा हिरवा दोरा.

“दिसतंय, डॉक्टर,” आत्या म्हणाली. “सगळं दिसतंय.”