बोळातल्या भिंतीवरची बाई

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि पदरचं काही जोडून सांगणारी ती बाई नाही.

मावशी दुकानांच्या पाट्या रंगवते. त्या वस्तीत ती नवीनच राहायला आली होती. घरांमागचा बोळ अंधारा, कळकट, आणि टोकाला बंद. सगळ्यांनी मिळून त्याची भिंत रंगवायचं ठरवलं. भिंतीवर वस्तीतल्याच माणसांचे चेहरे काढायचे. कल्पना मावशीची.

रविवारची दुपार. बाकीचे जेवायला गेले. मावशी बोळाच्या तोंडाशी एकटीच रंगवत होती.

वरच्या मजल्यावरचा टीव्ही अचानक बंद झाला.

मग भांड्यांचा आवाज थांबला.

मग... काहीच नाही.

"आणि माझा?"

बोळात, आतल्या बाजूला, एक बाई उभी होती. केस ओले. चेहऱ्यावर हसू.

"काढते की! कुठल्या घरातल्या तुम्ही?"

बाई नुसतीच हसली.

मावशीचा हात झरझर चालला. चेहरा पुरा करून तिने वळून पाहिलं...

कोणी नव्हतं.

आत एकही दार नाही. बाहेर पडायचं तर मावशीच्या अंगावरूनच जावं लागणार.

जेवून लोक परतले. शिंपीकाकांनी भिंत पाहिली आणि ते दोन पावलं मागे सरले. किराणावाली काकू तर धावूनच आली.

"हिचं तोंड तुला कोणी दाखवलं?"

"अहो, आत्ता इथेच उभी होती..."

"गप्प बस!"

काकूने पांढऱ्या रंगाची बादलीच त्या चेहऱ्यावर भिरकावली.

सकाळी तो चेहरा पांढऱ्याखाली गडप झालेलाच होता. पण बाकीचे...

शिंपीकाकांचे ओठ मावशीने मिटलेले काढले होते. काकूचेही.

आता सगळे हसत होते.

तेच हसू.

त्यानंतर मावशीशी कोणी बोलेना. ती दिसली की खिडक्या धाडकन बंद व्हायच्या. एका संध्याकाळी तिच्या दाराला कोणीतरी डांबर फासलं. तिने घर सोडलं.

निघताना ती शिंपीकाकांच्या दुकानापाशी थांबली.

"काका, एवढं तरी सांगा. कोण होती ती?"

त्यांनी मान वर केली नाही.

"तुम्ही तिला हसताना काढलंत," ते पुटपुटले. "त्या दिवशीही ती हसतच होती... आम्ही सगळे तिच्याभोवती उभे होतो, तरी."

आणि त्यांनी शटर खाली ओढलं.

"त्या दिवशी म्हणजे कधी रे?" मावशी मला अजून विचारते.

मला मात्र ते 'आम्ही सगळे' झोपू देत नाही.