हजार रूपाली

परदेशी जायचं असेल तर सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आधी हजार वेळा जाऊन यावं लागतं. स्वतः नव्हे. स्वतः जायचं ते सगळ्यात शेवटी, विम्याचा हप्ता परवडला तर.

ही रीत आता इतकी अंगवळणी पडली आहे की कुणाला तिच्यात काही वावगं वाटत नाही. पूर्वी विमा कंपन्या एक फॉर्म द्यायच्या. साखर आहे का, रक्तदाब आहे का, हृदयाचं काही झालंय का? तीन ठिकाणी ‘हो’ लिहिलं की असा हप्ता सांगायच्या की त्यापेक्षा विमानच विकत घ्यावं. मग म्हातारी माणसं ‘नाही’ लिहायची, परदेशात आजारी पडायची, आणि कंपनी खोटं पकडून हात वर करायची. लबाडी दोन्हीकडून चालायची आणि हाल मात्र म्हाताऱ्यांचेच व्हायचे.

मग प्रतिदेह आला. तुमचं रक्त, हृदयाचे ठोके, दहा वर्षांचे रिपोर्ट, मनगटावरच्या पट्टीने टिपलेली झोप आणि धाप, हे सगळं गणकाला द्यायचं. गणक त्यावरून तुमच्या शरीराची आकड्यांची नक्कल तयार करतो. तोच प्रतिदेह. ही नक्कल विमानात बसते, तिची साखर चढते, तिला थंडी वाजते, जिना चढताना तिला दम लागतो. असे हजार प्रतिदेह तुमच्याआधी तुमच्या प्रवासाला निघतात. प्रत्येकाच्या वाट्याला थोडं वेगळं येतं. एकाचं विमान रखडतं, एकाची गोळी चुकते. हजारांतले किती कोसळले ते मोजतात आणि त्यावर हप्ता ठरतो.

“पाचशे त्र्याऐंशी,” समीना मुलाणी म्हणाली.

समीना ही कंपनीच्या नाशिक कचेरीतली शास्त्रज्ञ. प्रतिदेहांचे निकाल तपासून ग्राहकांना समजावून सांगणं हे तिचं काम. तिच्यासमोर रूपालीताई खैरनार बसल्या होत्या. वय बहात्तर. एका शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त. हृदयात एक स्टेंट, साखर वीस वर्षं जुनी, गुडघे कुरकुरणारे.

“हजारांतल्या पाचशे त्र्याऐंशी रूपाली मेल्या?”

“कोसळल्या, काकू. काही गेल्या, काही दवाखान्यात पोचल्या. कंपनीला दोन्ही सारखंच.”

“अगं, पण मी आठवडाभर कारल्याचा रस प्यायले!”

“दिसतंय ना. दहा वर्षांत फक्त गेल्याच आठवड्यात,” समीना हसली. मग तिने हप्ता सांगितला, आणि रूपालीताईंचं तोंड कारल्याच्या रसापेक्षा कडू झालं.

त्यांना जायचंच होतं. एकुलती एक मुलगी ईशानी फिनलंडमधल्या औलू गावी होती. छत्तिसाव्या वर्षी पहिलं बाळंतपण, तारीख बारा डिसेंबर. जावई भला माणूस, पण त्याच्या मते बाळंतिणीला सूप पुरतं. अळिवाची खीर कोण करणार, तेल लावून शेक कोण देणार? नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, तेव्हा इकडे अडकून राहायलाही कुणी नव्हतं. पण सत्तरीपुढच्या पाहुण्याला विम्याशिवाय तिकडे उतरूच देत नाहीत. दोन कंपन्यांनी आधीच नकार दिला होता. ही तिसरी, आणि शेवटची.

रूपालीताई हात टेकणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघाने ऑगस्टमध्येच सरकारकडे अर्ज धाडला होता की विमा कंपन्यांनी आमच्या शरीरापुरतंच बघावं, इतर कशाचा भुर्दंड आम्हाला लावू नये. त्या अर्जावर तिसरी सही त्यांची होती. पण सरकार काय करील तेव्हा करील. त्यांनी पोरांना शिकवलेली एक युक्ती होती. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे दोष कशाचा ते कळतं.

“भाव विचारायचे पैसे पडत नाहीत ना?”

“कितीही वेळा विचारा, काकू.”

“मग रोजचा हिशेब दाखव. कोणत्या दिवशी किती कोसळल्या?”

समीनाने दिनवार अहवाल उघडला. पंचवीस नोव्हेंबर, विमानात, चार. नंतर थंडीने नऊ, घसरून पडून सहा, असे इकडेतिकडे. आणि बारा डिसेंबरला, एकाच दिवशी, पाचशे एक्केचाळीस.

“बाळंतपणाचं टेन्शन,” रूपालीताई म्हणाल्या. “घाबरट आहे मी. असं कर, त्या दिवशी मला दवाखान्यात नेऊच नकोस. घरीच बसव.”

हजार रूपाली पुन्हा निघाल्या. चार मिनिटांनी बारा डिसेंबरचा आकडा आला. पाचशे अडतीस.

“मग मी नंतरच जाते. वीस डिसेंबरला. खीर आठ दिवस उशिरा मिळाली म्हणून काही बिघडत नाही.”

या वेळी समीनाच चकित झाली. “सतरा! काकू, फक्त सतरा कोसळल्या. हप्ता एकदम उतरला.”

हप्ता खरोखर इतका उतरला होता की निवृत्तिवेतनातून सहज भागला असता. रूपालीताईंनी पर्समधून चष्मा काढला, सही करायला पेन उघडलं, आणि शिक्षिकेच्या सवयीने आधी खालचा बारीक मजकूर वाचला. तिथे एक ओळ होती. प्रवासास न निघालेले प्रतिदेह, पाचशे बावन्न.

“म्हणजे काय गं? या आधीच मेल्या का?”

समीनाने बोटाने दोनचार पानं सरकवली. “काही नाशिकच्या दवाखान्यात आहेत. बाकीच्या घरी आहेत, जिवंत. त्यांनी तिकीट रद्द केलंय.”

“तिकीट रद्द? मी?” रूपालीताई हसल्याच. “नातवंड झालेलं असताना? अगं, मी रांगत जाईन. असं काय होईल की मी…”

त्या थांबल्या. पाचशे एक्केचाळीस, पाचशे अडतीस, पाचशे बावन्न. तीन वेगळे प्रयोग आणि जवळजवळ तोच आकडा. बदलत काय नव्हतं? बारा डिसेंबर बदलत नव्हता.

“समीना,” पेन मिटत त्यांनी विचारलं, “या हजारजणींना ईशानी कुठून मिळाली?”

समीनाने दाराकडे पाहिलं. मग हळू बोलू लागली. “काकू, हृदय एकटं धडधडत नाही. नुसती साखर, थंडी, जिने एवढं धरलं तर आमचे अंदाज निम्मे चुकायचे. माणसं आनंदाने कोसळतात, दुःखाने कोसळतात. म्हणून गणक जवळच्या माणसांचेही प्रतिदेह जोडतो. त्याला आम्ही आप्तजाल म्हणतो. ईशानीचा आरोग्यविमा आमच्याच मूळ कंपनीचा आहे. तिच्या तपासण्या, तिचं रक्त, सगळं तिथे आहे.”

“मग तिला काय होणार आहे ते सांग.”

“मला दिसत नाही. आईची शपथ घेऊन सांगते. एकाचं शरीर दुसऱ्याला दाखवायचं नाही असा कायदा आहे. ते कप्पे गणकासाठी उघडे, माणसासाठी बंद. मला फक्त तुमचा आकडा कळतो.”

रूपालीताई खुर्चीचा हात घट्ट धरून बसून राहिल्या. कुणीतरी, कुठेतरी, त्यांच्या लेकीचं बाळंतपण हजारदा पाहिलं होतं, निम्म्याहून जास्त वेळा त्यात तिचं मरण पाहिलं होतं, आणि त्याचं काय केलं होतं? म्हातारीचा हप्ता वाढवला होता. त्या कचेरीत बसून त्यांना ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कुणावर? समोरची पोरगी पांढरीफटक पडली होती.

संध्याकाळी त्यांनी ईशानीला फोन लावला.

“आई, तुझ्या विम्याचा माझ्या बाळंतपणाशी काय संबंध?” ईशानी वैतागली. “परवाच तपासणी झाली. सगळं नॉर्मल आहे. तळ्याकाठी इतकं छान छोटं प्रसूतिगृह आहे, मला तिथेच जायचंय.”

“मोठ्या दवाखान्यात एकदा दाखव.”

“तुला कुणीतरी भीती घातलीय.”

“ईशू, मी तुझ्याकडे कधी हट्ट केला नाही. लग्नातही नाही. हा एक कर.”

ईशानी गेली. आईचं समाधान व्हावं म्हणून गेली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तासभर तपासलं, दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, आणि मग तिला बसवून सांगितलं की बाळाला पोसणारी वार गर्भाशयात खोलवर रुतली आहे. छोट्या ठिकाणच्या यंत्रावर ते दिसलं नसतं. वेळेवर कळा येऊन तिथे बाळंतपण झालं असतं तर रक्तस्राव थांबवता आला नसता. तुम्हाला संशय कसा आला, असं त्यांनी विचारलं. ईशानीने खरं ते सांगितलं, पण त्यांचा विश्वास बसला नसावा.

त्या दिवशी मायलेकी फोनवर नुसत्या रडल्या.

आणि मग सुरू झाला एक विलक्षण प्रयोग. तिकडे ईशानी एक गोष्ट बदलायची, तिची नोंद दवाखान्यातून आपोआप कंपनीकडे जायची, आणि इकडे रूपालीताई काठी टेकत कचेरीत जाऊन भाव विचारायच्या. मोठा दवाखाना ठरवला, आकडा तीनशे अठरा झाला. कळांची वाट न पाहता दोन डिसेंबरला ऑपरेशन ठरवलं, दोनशे नऊ. रक्ताचा साठा आधीच मागवून ठेवला, एकशे त्रेसष्ट. रांगेतल्या लोकांना वाटायचं, बाई किती चिकट, एका विम्यासाठी महिनाभर घासाघीस करतेय! रूपालीताईंना हप्ता किती हे आता आठवतही नव्हतं. त्या आकडा ऐकायच्या आणि लेकीचा हात चाचपल्यासारखं त्यांना वाटायचं.

पण एकशे त्रेसष्टवर घोडं अडलं. त्यातले तीसेक त्यांचे स्वतःचे असतील, थंडीचे, विमानाचे, म्हातारपणाचे. उरलेल्या एकशे तीस वेळा लेक तरीही जात होती. कशाने? भुलीचं औषध बदलून पाहिलं, फरक नाही. डॉक्टर बदलून पाहिले, फरक नाही.

“अजून काहीतरी आहे, ईशू. सापडेल. एकेक करून सापडेल,” त्या रोज म्हणायच्या.

तेरा नोव्हेंबरला सकाळी चहा घेतानाच कंपनीकडून फोनवर नवा आकडा आला. एकतीस.

रूपालीताईंनी तो तीनदा वाचला. देवापुढे हात जोडले, मग ईशानीला उठवलं. तिकडे अजून उजाडलंही नव्हतं.

“एकतीस झाले! काय बदललंस तू?”

“काहीच नाही गं.” ईशानीचा आवाज झोपेतला आणि थकलेला होता. “पण एकतीस म्हणजे झालं ना? आता बास करू या, आई. मी फार दमले. तू फक्त ये.”

फोन ठेवला आणि रूपालीताईंच्या आनंदाला खडा लागला. काहीच बदललं नाही तर निकाल कसा बदलला? चौतीस वर्षांत असा प्रयोग त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि कचेरी गाठली.

“समीना, मला एक भाव काढून दे. तळ्याकाठचं प्रसूतिगृह, तारीख बारा डिसेंबर, रक्ताची सोय नाही. अगदी पहिल्यासारखं.”

“काकू, कशाला…”

“काढ.”

समीनाने बटण दाबलं. तिला उत्तर ठाऊक होतं, तरी ती चार मिनिटं मान खाली घालून बसली.

“एकतीस,” ती म्हणाली.

रूपालीताईंनी आकडा स्वतः वाचायला चष्मा चढवला.

“काल नवा नियम लागू झाला, काकू. आप्तजाल काढून टाकलं. आता गणक फक्त ग्राहकाचं शरीर बघतो. बाकीच्यांचा धोका कंपनीने सगळ्यांत वाटून घ्यायचा. म्हणून सगळ्यांचेच हप्ते उतरलेत.”

“म्हणजे ईशानी…”

“ती आता यात नाही.”

“जुना काढ. जुना, महागाचा. मी घर विकते, मला महागाचाच विमा दे.”

“तो आता कुणालाच मिळत नाही. यंत्रातून तो भागच गेलाय.” समीनाचे डोळे भरून आले होते. “माझ्या हातात असतं तर मी दिला असता. खरंच दिला असता.”

“कुणी केला हा नियम? कुणी मागितला होता?”

टेबलावरच्या परिपत्रकाला मूळ अर्ज जोडलेला होता, तो समीनाने हळूच पुढे सरकवला. आमच्या शरीरापुरतंच बघावं, इतर कशाचा भुर्दंड आम्हाला लावू नये. खाली सह्या होत्या. तिसरी सही फळ्यावरच्या अक्षरासारखी वळणदार, सुवाच्य होती.

बाहेर रांगेत हीऽ गर्दी झाली होती. वर्षानुवर्षं लेकरांना भेटू न शकलेली म्हातारी माणसं नटूनथटून आली होती. संघाचे चिटणीस पेढ्यांचा डबा घेऊन फिरत होते. रूपालीताई दिसताच त्यांनी पेढा त्यांच्या हातावर ठेवला.

“घ्या मॅडम, आज साखरेचं बघायचं नाही. जिंकलो आपण!”

रूपालीताई पेढा हातात धरून उभ्या राहिल्या. एकशे तीस रूपालींना ठाऊक असलेली ती एक गोष्ट आता जगात कुणालाच ठाऊक नव्हती. ईशानीच्या ऑपरेशनला एकोणीस दिवस होते.