तहान लागण्याआधी

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘तांबडी’ म्हणत, आणि त्याचा तिच्या रंगारूपाशी काही संबंध नव्हता. पीएचडीनंतर ती या संस्थेत लागली ती गव्हाला बोलतं करायला. बिटाला लाल करणारी जनुकं तिने गव्हात बसवली होती आणि त्यांना एक बटण जोडलं होतं. मुळांना पाणी कमी पडलं की ते बटण चालू व्हायचं आणि पानं लाल व्हायची. रोपाने मान टाकायच्या आधीच, नुसती नजर फिरवली तरी शेतात तहान कुणाला लागलीय ते दिसावं, एवढाच तिचा हट्ट. बरेच महिने रोपं ढिम्म हिरवी राहिली. मग एकदाची रंगली, आणि तिने सगळ्या मजल्याला चहा पाजला.

रोपं असायची ती ग्रोथ रूम म्हणजे बिनखिडकीची लांबट खोली. पांढरे दिवे, पंख्यांची घरघर, फळ्यांवर छोट्या कुंड्यांचे ट्रे आणि ओल्या मातीचा वास. पाणी ती स्वतः घालायची. तिथे दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तिला खपत नसे.

एका सकाळी खालच्या फळीवरचा एक ट्रे लाल दिसला. माती तर ओली होती. त्या ट्रेचं पाणी तोडायचं होतं, पण ते दुपारी.

“ट्रेंची अदलाबदल केलीस,” टिकोजी म्हणाला. तो शेजारच्या टेबलावरचा संशोधक. दुसऱ्याच्या चुका काढण्यात त्याचा हात कुणी धरू शकलं नसतं, म्हणून हे नाव. “लेबलं बघ. माणूस दमला की डोळे दगा देतात.”

तिने लेबलं पाहिली. बरोबर होती. ती वरमली, कारण दमली तर होतीच.

पुढच्या खेपेला पुन्हा तेच. तहानलेले ठेवायचे म्हणून तिने जे ट्रे मनाशी धरले होते, तेच सकाळी लाल. पानाचा तुकडा तपासला तेव्हा ती आणखीच गोंधळली. बटण बंद होतं. ते चालूच झालं नव्हतं, आणि पान मात्र रंगलेलं.

“तुझ्याही नकळत तू त्यांना पाणी कमी घालत असशील,” टिकोजी म्हणाला. “निवड मी करतो. चिठ्ठ्या टाकून.”

हे तिला पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी काही ट्रे लाल झाले, ते तिने पाहून ठेवले आणि त्याला काही सांगितलं नाही. जेवणानंतर त्याने चिठ्ठ्या काढल्या, एकेक उलगडून नंबर वाचले. मग दोघं आत गेले. तो त्या लाल ट्रेंसमोर उभा राहिला, त्यांचे नंबर हातातल्या चिठ्ठ्यांशी ताडू लागला आणि मध्येच थांबला.

“पुन्हा काढू?” त्याने विचारलं. आवाजातला तोरा गेला होता.

“नको,” ती म्हणाली.

त्यानंतरच्या सोमवारी तिने दार उघडलं आणि आपण चुकून दुसऱ्याच खोलीत आलो असं तिला वाटलं. वरपासून खालपर्यंत सगळे ट्रे लाल होते. प्रयोग कुठलाच ठरलेला नव्हता. कुणाचंही पाणी तोडायचं नव्हतं.

ती प्लंबरला घेऊन आली. त्याने नळ, पाइप, गच्चीवरची टाकी सगळं पाहिलं. “पाण्याला काही झालं नाही बाई,” तो म्हणाला, “धो धो आहे.”

मग तिला वाटलं, आपली नोकरीच जाणार असेल, पाणी घालायला आपण इथे नसूच. ती तडक विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत गेली.

“माझी मुदत वाढवली नाहीत का?”

“कुणी सांगितलं तुला?” मॅडम हसल्या. “शुक्रवारीच मंजुरी आली. आता दोन वर्षं तू कुठे जात नाहीस.”

तिने घरी फोन लावला. “आई, तुझी तब्येत बरी आहे ना? आणि बाबा?”

“आम्हाला काय धाड भरलीय?” आई म्हणाली. “बाबा बाजारात गेलेत. तुझा आवाज असा का येतोय?”

“काही नाही गं. सहजच केला.”

म्हणजे पाणी होतं, नोकरी होती, घरी धावत जावं लागेल असंही काही नव्हतं. मग या रोपांचं पाणी तुटणार कशाने? ती ट्रेंसमोर स्टुलावर बसून राहिली. डोकं चालेना.

टिकोजी दारात येऊन उभा राहिला. “आरशात बघ एकदा. काय अवतार झालाय. आठवडाभर पाणी मी घालतो. तू इकडे फिरकू नकोस.”

एरवी ती फाडकन नाही म्हणाली असती. आता तिने मान हलवली.

सकाळी तो जवळजवळ पळतच तिच्या टेबलाशी आला. “चल, बघायला चल!”

सगळी खोली हिरवी झाली होती. एकदा चढलेला हा रंग उतरत नाही. उतरवायची सोय तिने केलेलीच नव्हती.

“बघ! उगाच घाबरलीस,” तो हसत म्हणाला.

तीही हसली. मग हळूहळू थांबली. बदलला होता तो फक्त पाणी घालणारा हात.

तिने एक कुंडी उचलली आणि आपल्या टेबलावर आणून ठेवली.

“याला यापुढे फक्त मीच पाणी घालणार,” ती म्हणाली. “एवढंच.”

तिने पाणी घातलं. तळातून थेंब गळेपर्यंत घातलं.

दोघं बघत राहिले.

पानाच्या मधली शीर आधी गुलाबी झाली. मग तिथून रंग कडेला पसरत गेला.

तिने बोट मातीत खुपसलं. माती गार होती, ओलीचिंब.

टिकोजी तिच्याकडे बघत नव्हता.

“ग्रोथ रूमची किल्ली,” तो हळूच म्हणाला, “माझ्याकडे असू दे का?”

तिने खिशातून किल्ली काढून त्याला दिली. तिच्या बोटाची ओली माती किल्लीला लागली होती. त्याने ती पुसली नाही.